मॉकचे मार्क ११६ च्या आसपास अडकलेत, सीईटीला महिना राहिलाय, पेपर नेमके तपासायचे कसे?

जाई_नाशिक (धागाकर्ती)
१९ मार्च, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी बारावी सायन्सला. बोर्ड आत्ताच संपलं. जेईई मेनचं जानेवारीचं सेशन दिलंय, एप्रिलचंही देणार आहे, पण खरा भर एमएचटी सीईटीवर (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेशाची परीक्षा), पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुप. क्लासच्या शेवटच्या चार फुल सिलॅबस मॉकचे (सराव परीक्षांचे) मार्क असे आहेत, २०० पैकी ११९, ११२, ११७, ११६. दोन वर्षं इतका अभ्यास करून मार्क हलतच नाहीत. क्लासवाले प्रत्येक मॉकनंतर रँक लिस्ट नावासकट पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, ती आली की लेक फोन उलटा ठेवून देते आणि रात्री जेवत नाही. मी काही बोलायला गेले की "आई तुला कळत नाही त्यातलं" आणि खरंच मला कळत नाही, मी कॉमर्सची.

घाबरून आणखी दोन ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतल्या. त्यातल्या एकीत १४१ पडले आणि दुसरीत १०३, दोन दिवसांच्या अंतराने! आता ह्यातलं खरं कुठलं मानायचं? महिनाभरात रोज एक मॉक द्यायला लावू का? आणि ह्या मार्कांवरून पुण्या-मुंबईच्या चांगल्या कॉलेजचा अंदाज बांधता येतो का? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

---

सह्यकडा
१९ मार्च, रात्री ११:०५

वाचतोय. माझाही पुतण्या ह्याच बोटीत आहे.

---

गणितमास्तर_सांगली
२० मार्च, सकाळी ६:५०

ताई, आधी एक सांगा, ११६ मधले गणिताचे किती, फिजिक्सचे किती, केमिस्ट्रीचे किती? आणि गणितात बरोबर किती, चूक किती, कोरे किती? नुसत्या बेरजेवरून मला काहीच सांगता येत नाही. डॉक्टरकडे जाऊन "पेशंटचं वजन ५२ किलो आहे, काय झालंय?" असं विचारल्यासारखं होतं ते.

तुम्ही कॉमर्सच्या आहात म्हणालात म्हणून पेपरची रचना थोडक्यात सांगतो. सीईटीचा पीसीएमचा पेपर १५० प्रश्नांचा. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी १ मार्क. ती ९० मिनिटं झाली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं, ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, पुन्हा ९० मिनिटं. म्हणजे आधीच्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि गणितात १०८ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावीचं वजन साधारण २० टक्के, म्हणजे गणितातले १० प्रश्न म्हणजे २० मार्क अकरावीच्या ठरलेल्या धड्यांवर, त्यात सर्कल, स्ट्रेट लाइन, कॉम्प्लेक्स नंबर, परम्युटेशन, लिमिट वगैरे येतं.

शेवटच्या एका मॉकचा पेपर घ्या, लेकीला शेजारी बसवा (ओरडायचं नाही) आणि प्रत्येक न मिळालेल्या मार्कापुढे एक अक्षर लिहायला सांगा. "न" म्हणजे येतच नव्हतं. "ग" म्हणजे गडबड, चिन्ह चुकलं, प्रश्न अर्धा वाचला. "वे" म्हणजे वेळ पुरला नाही. "सो" म्हणजे प्रश्न बघितला, थोडं कळत होतं, पण सोडून दिला. चारच अक्षरं. मग इथे आकडे टाका, पुढचं बोलू.

---

मी_लातूरकर
२० मार्च, सकाळी ८:१५

मास्तरांशी सहमत. आमच्याकडं लेकरं टेस्ट द्यायला कधी कंटाळत नाहीत, पण लातूर पॅटर्नचं नाव सगळे घेतेत आणि नक्कल करताना फक्त टेस्टची संख्या उचलतेत, त्यातलं अर्धं काम टेस्ट झाल्यावरचं असतं हे विसरतेत. मी स्वतः त्या वातावरणात शिकलो. टेस्ट सकाळी, आणि दुपारच्याला त्याच पेपरावर बसायचं, डोकं अजून गरम असतानाच. दोन दिवस गेले की लेकराला आठवतच नाही की ह्या प्रश्नाला "बी" का टिचकी मारली, मग ते नुसतं सोल्यूशन वाचतंय आणि "हां हे तर येत होतं" म्हणून पान उलटतंय. येत होतं तर चुकलं कसं, ते शोधायला त्याच दिवशी बसावं लागतं. तीन तासाच्या पेपरला किमान तीन तास तपासणी, हा हिशोब धरा.

---

निलमोहर
२० मार्च, सकाळी ११:३०

थोडं वेगळं मत. माझ्या मुलाने शेवटच्या दीड महिन्यात ४० च्या वर मॉक दिल्या, जवळपास रोज एक, आणि त्याचा खूप फायदा झाला. तीन तास एका जागी बसायचा स्टॅमिनाच नव्हता त्याचा, दोन तासांनंतर चुका वाढायच्या, आणि सीईटीत गणित शेवटी येतं, म्हणजे सगळ्यात जड मार्क सगळ्यात दमल्यावर. सरावानेच ते गेलं. म्हणून सरसकट "मॉक कमी द्या" असं कोणी सांगू नका, प्रत्येक मुलाचं वेगळं असतं.

---

मी_लातूरकर
२० मार्च, दुपारी १२:०२

@निलमोहर, कमी द्या म्हणत नाही ताई, न तपासता देऊ नका म्हणतोय. स्टॅमिनाचा मुद्दा तुमचा एकदम बरोबर आहे.

---

सेकंड_इयर_कॉम्प
२० मार्च, दुपारी ४:४०

काकू मी दोन वर्षांपूर्वी दिली सीईटी, माझी चूक सांगतो म्हणजे तुमच्याकडे होणार नाही. मी मागच्या वर्षांचे पेपर धडावार सोडवले होते, म्हणजे इंटिग्रेशन शिकलो की त्यावरचे जुने सगळे प्रश्न, वेक्टर शिकलो की त्याचे सगळे. मग मार्च-एप्रिलमध्ये तेच पेपर "मॉक" म्हणून टायमर लावून दिले आणि १६०, १६४ असे पडायला लागले. मी हवेत. घरी सगळे खूश. खऱ्या परीक्षेत त्याच्या जवळपासही नव्हतो, कारण घरी मला प्रश्न येत नव्हते, आठवत होते. उत्तर ३ आहे हे हाताला माहीत होतं. त्या धक्क्यातून बाहेर यायला मला वेळ लागला, आई-बाबांना समजावून सांगणं तर अजूनच अवघड गेलं.

तुमच्या लेकीला १४१ जिथे पडले ना, त्या सिरीजमध्ये जुन्याच शिफ्टचे (म्हणजे परीक्षेच्या सत्रांचे) प्रश्न फिरवून टाकलेत का ते तिला विचारा. ती सांगेल तुम्हाला, मुलांना लगेच ओळखू येतं. आणि काही जुन्या शिफ्टचे पेपर अजून बघितले नसतील तर ते आत्ता उघडू नका, शेवटच्या दोन आठवड्यांसाठी ठेवा.

---

परदेशी_पाखरू_न्यूजर्सी
२० मार्च, रात्री ९:२०

वरच्या मुद्द्याला अनुमोदन. इकडे माझ्या मुलीने सॅट (इथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) दिली तेव्हा हाच प्रश्न होता. इथे परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्याच ब्लूबुक अॅपवर फुकट सराव परीक्षा मिळतात, पण त्या मोजक्याच, आणि १६०० पैकीचा खरा अंदाज त्याच देतात. बाहेरच्या कंपन्यांच्या टेस्ट कधी मुद्दाम अवघड, कधी सोप्या. मुलीने सुरुवातीलाच भराभर दोन उडवल्या, काही शिकलेली नसताना, मग आम्ही उरलेल्या राखून ठेवल्या आणि तीन तीन आठवड्यांनी एक दिली. मधल्या काळात फक्त चुकलेल्या प्रकारच्या प्रश्नांवर काम. सॅटमध्ये पूर्वी चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापायचे, २०१६ पासून ते बंद झालं, तरी मी जुन्या सवयीने तिला "येत नसेल तर सोड" सांगत बसले होते आणि तिनेच मला दुरुस्त केलं. तुमच्याकडे जेईई आणि सीईटी दोन्ही चालू आहेत, नियम दोन वेगळे, तिकडे लक्ष द्या असं सुचवते.

---

जाई_नाशिक (धागाकर्ती)
२२ मार्च, रात्री ११:५०

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रविवार नव्हता पण सुट्टी काढली आणि बसलो दोघी. आधी तिने कपाळावर आठ्या घातल्या, मग अक्षरं लिहायला लागल्यावर तिलाच त्यात रस वाटायला लागला. जो ११९ चा पेपर होता तोच घेतला. फिजिक्स ३३, केमिस्ट्री ३८, गणित ४८.

गणित असं निघालं. ५० पैकी २४ बरोबर, ९ चूक, १७ कोरे. सतरा! मला हे माहीतच नव्हतं, मी आपली ४८ हा आकडा बघत होते.

९ चुकांमध्ये ३ चिन्हाच्या, २ ठिकाणी प्रश्नात "नाही" होतं ते वाचलंच नाही, ४ खरंच येत नव्हते. १७ कोऱ्यांपैकी ११ तिने उघडलेच नव्हते, ४० ते ५० नंबरचे सगळे, वेळ संपला. उरलेले ६ उघडले आणि सोडले. का सोडले विचारल्यावर म्हणाली "खात्री नव्हती, निगेटिव्ह नको." मी म्हटलं अगं पण सीईटीला निगेटिव्ह नाही ना? तर ती दोन सेकंद माझ्याकडे बघत बसली. तिला माहीत होतं हो, पण हात जेईईच्या सवयीनेच चालतो म्हणाली.

मग आज सकाळी ते न उघडलेले ११ प्रश्न २० मिनिटं लावून सोडवायला दिले. ६ बरोबर आले. म्हणजे १२ मार्क तिथे नुसते पडून होते.

अजून एक. अॅपमध्ये प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दिसतो, आम्ही कधी ते पान उघडलंच नव्हतं. ७ नंबरला ८ मिनिटं ४० सेकंद. १९ ला ७ मिनिटं ५ सेकंद. १२ ला ६ मिनिटं १० सेकंद. ह्या तिघांनी मिळून २२ मिनिटं खाल्ली आणि त्यातला एकच बरोबर आला. ७ नंबरचं रफ पान बघितलं तर पानभर इंटिग्रेशन, दोनदा खोडून परत केलेलं, कोपऱ्यात पेनाने कागद फाटलाय. ते पान बघून मला एकदम भरून आलं. मी इतके दिवस तिला "लक्ष देऊन कर" एवढंच सांगत होते, आणि ती तर जीव ओतून करत होती, फक्त एकाच प्रश्नावर.

---

गणितमास्तर_सांगली
२३ मार्च, सकाळी ६:३५

ताई, दोघींनी फार चांगलं काम केलंय. आता तुमच्यापुढे मार्क नाहीत, कामांची यादी आहे.

१०८ सेकंदांचा प्रश्न धरला तर २२ मिनिटं म्हणजे १२ प्रश्नांचा वेळ, आणि तिचे न उघडलेले ११. हिशोब समोर आहे. दोन मिनिटांत रस्ता दिसला नाही तर रिव्ह्यूची खूण करून पुढे जायचं, स्क्रीनवरचा जांभळा गोळा राहू दे तिथे. ह्यासाठी पूर्ण मॉक द्यायची गरज नाही, रोज २५ प्रश्न आणि ४५ मिनिटं एवढंच करा, आणि सोडून पुढे जाण्याचा सराव करा. हुशार मुलांना सोडणं सगळ्यात जड जातं, मी वीस वर्षं बघतोय.

७ नंबर इनडेफिनिट इंटिग्रेशन असेल तर तिला सांगा, पर्याय समोर दिलेले असताना उलटं जाता येतं, पर्यायाचं डिफरन्शिएशन करून बघायचं. बोर्डाच्या पेपरात ते चालत नाही, पायऱ्या दाखवाव्या लागतात, आणि मुलं नुकतीच बोर्डातून बाहेर आलीत म्हणून हात बोर्डासारखा चालतो.

अंदाजाने खूण करण्याबद्दल. चार पर्याय आहेत, डोळे मिटून मारलं तरी चारात एक. १७ कोरे असतील तर सरासरी चारेक बरोबर येतील, म्हणजे आठेक मार्क. कधी दोनच येतील, कधी सहा. आणि एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं तरी तीनात एक. सीईटीत कोरा प्रश्न ठेवून उठणं हा गुन्हा समजा. शेवटची तीन मिनिटं फक्त ह्याच कामाला.

जेईई मेनचं वेगळं. तिथे बरोबरला ४, चुकीला वजा १, आणि प्रत्येक विषयातल्या न्यूमेरिकलच्या (पर्याय नसलेल्या, उत्तराचा आकडा स्वतः भरायच्या) पाचही प्रश्नांना निगेटिव्ह आहे. पर्यायांच्या प्रश्नात एक-दोन पर्याय उडवता येत असतील तर खूण करणं फायद्याचंच ठरतं, पण न्यूमेरिकलमध्ये अंदाजाला काही अर्थ नाही. म्हणून एकाच दिवशी दोन्हींच्या मॉक देऊ नका. जेईईचं सेशन होईपर्यंत ती, ते झालं की फक्त सीईटी.

तुमचा दुसरा प्रश्न, १४१ आणि १०३ मधलं खरं कुठलं. ह्या अंदाजाच्या खुणांमुळेच एका मुलाचे मार्क एका आठवड्यात पाच-सात इकडेतिकडे होतात, त्यात काही शिकण्या-विसरण्याचा संबंध नसतो. त्यावर पेपरची काठिण्यपातळी वेगळी. ११९ वरून ११२ झाले म्हणजे लेक सात मार्कांनी मागे गेली असं नाही. एकाच सिरीजच्या तीन तीन मॉकची सरासरी काढा आणि ती बघा. दोन सिरीजचे आकडे एकमेकांशेजारी ठेवूच नका.

---

सह्यकडा
२३ मार्च, सकाळी ९:१०

मास्तर, हे पर्सेंटाइलचं पण एकदा सांगाल का? पुतण्याचा क्लास सांगतो त्याचं ९५ पर्सेंटाइल आहे म्हणून घरात पेढे वाटायचे बाकी आहेत.

---

गणितमास्तर_सांगली
२३ मार्च, दुपारी १:४५

क्लासमध्ये २४० मुलं असतील आणि तो बारावा असेल, तर त्याच्याइतके किंवा त्याहून कमी मार्क असलेले २२९. २२९ भागिले २४०, ९५.४ पर्सेंटाइल. पण तो त्या २४० मुलांमधला. सीईटीचं पर्सेंटाइल त्याच्या सत्रात बसलेल्या सगळ्या मुलांमधून निघतं, आणि प्रत्येक सत्राचं वेगळं, कारण पेपर वेगळे. क्लासची निवडक बॅच असेल तर तिथला ८० वाला राज्यात बराच वर असू शकतो, आणि कमी तयारीच्या बॅचमधला ९५ वाला खाली. "इतके मार्क म्हणजे इतकं पर्सेंटाइल" असे तक्ते फिरतात त्यांच्याकडे फक्त ढोबळ म्हणून बघा, अवघड सत्रात कमी मार्कांनाही तेच पर्सेंटाइल मिळतं.

कॉलेजचा अंदाज हवा असेल तर सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षांच्या कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेशफेऱ्यांच्या) कटऑफ याद्या असतात. त्यात तुमची कॅटेगरी, होम युनिव्हर्सिटी का बाहेरची, आणि ब्रँच, हे तिन्ही बघायचं. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजच्या कॉम्प्युटरचाच आकडा बघून धडकी भरवून घेऊ नका, त्याच कॉलेजात इतर ब्रँचेसही आहेत.

---

अबोली७
२३ मार्च, रात्री १०:३०

मार्कांचं सगळे सांगतायत, मी रँक लिस्टबद्दल बोलते. जाईताई, तुम्ही तो ग्रुप म्यूट करा आणि लेकीच्या फोनवर येणार नाही असं बघा. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी अशीच लिस्ट यायची, नातेवाइकांपर्यंत पोचायची, आणि तो शेवटी शेवटी मॉकच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहायला लागला. आम्हाला वाटलं टाळाटाळ करतोय. तो खरोखर घाबरलेला होता. मार्क तिचे आहेत, ते तिला आणि तुम्हाला कळले म्हणजे झालं. क्लासला एक शांतपणे फोन करून सांगा की आमच्या मुलीचं नाव लिस्टमध्ये टाकू नका. आणि जेवणाच्या वेळी मॉकचा विषय अजिबात नको.

---

निलमोहर
२४ मार्च, सकाळी ७:५५

अबोली, अगदी बरोबर. आणि शेवटच्या पंधरा दिवसांत मॉक खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच द्या, सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी २ ते ५. आम्ही सगळ्या रात्री दिल्या होत्या आणि दुपारच्या सत्राची सवयच नव्हती. मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर. जेईईसाठी ती परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर फुकट मॉक आहेत, त्या स्क्रीनची सवय होते.

---

जाई_नाशिक (धागाकर्ती)
१४ एप्रिल, रात्री ९:१५

अपडेट द्यायला उशीर झाला, मध्ये जेईई होती, ती चांगली गेली म्हणतेय.

त्यानंतर सीईटीच्या तीन मॉक झाल्या, त्याच क्लासच्या. १२१, १२७, १२५. म्हणजे सरासरी ११६ वरून सव्वाशेच्या जवळ. खूप मोठी उडी नाही हे माहितेय, पण तिन्ही पेपरात एकही प्रश्न कोरा नाही आणि न उघडलेला तर नाहीच. "वे" आणि "सो" जवळपास गेले, आता वहीत "न" दिसतात, त्यातले बरेचसे अकरावीचे, सर्कल आणि परम्युटेशन. त्याच्यावरच बसलीय सध्या. फिजिक्समध्ये अजून ३३-३४ च्या पुढे जात नाही, ५४ सेकंदांत प्रश्न वाचून होतो तेवढ्यात पुढचा येतो म्हणते, त्यावर कोणाचा अनुभव असेल तर सांगा.

क्लासला फोन केला. आधी जरा कुरकुर केली, पण नाव काढलं.

मास्तर, तुमच्यासाठी निरोप आहे. परवाच्या मॉकमध्ये पुन्हा एक लांबलचक इंटिग्रेशन आलं होतं. तिने दोन मिनिटांनी जांभळी खूण केली, पुढे गेली, शेवटी परत आली आणि पर्यायाचं डिफरन्शिएशन करून बरोबर काढलं. घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी ते सांगितलं मला, रफ कागद दाखवून. मार्क किती पडले ते नंतर जेवताना मीच विचारलं, म्हणाली बघितलेच नाहीत अजून.

---

गणितमास्तर_सांगली
१५ एप्रिल, सकाळी ६:४०

वा! तो रफ कागद जपून ठेवा. फिजिक्सच्या एका मॉकचं प्रत्येक प्रश्नाला लागलेल्या वेळेचं पान इथे टाका, बघू कुठे अडतंय ते.